जिप्सीच्या १.३ इंजिनाला मोठी थ्रॉटल बॉडी: बोअर वाढवून नेमकं किती मिळतं?

रानवाट_१३

जिप्सी किंग एमपीएफआय, जी१३बीबी इंजिन. सिलिंडरचा बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५, १२९८ सीसी, कागदावर ६००० आरपीएमला ८० अश्वशक्ती. गाडी डर्ट ऑटोक्रॉससाठी (मातीच्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) तयार करायची आहे. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेड सध्या मूळचेच आहेत, एक्झॉस्ट फक्त बदललेला. लेथवर थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, बोअर (आतला व्यास) ४ मिमीने वाढवून नवी बटरफ्लाय (आतली फिरती चकती) बसवायचा विचार आहे. तीन प्रश्न आहेत.

१. एवढ्याने ताकद किती वाढेल?
२. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) हात न लावता चालेल का?
३. टर्नरकडे जाताना काय काय सांगावं?

दाबमापी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी आकड्यांत काढू. मूळ बोअर ४२ मिमी धरतो. हा आकडा हिशेबापुरता आहे, तुमच्या बॉडीचा बोअर व्हर्नियरने बटरफ्लायच्या जागी मोजा, तोंडाशी नको. बहुतेक बॉड्या तोंडाशी रुंद असतात.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं आकारमान भरतं. ६००० आरपीएमला १.२९८ × ३००० म्हणजे मिनिटाला ३८९४ लिटर. मूळ कॅमवर तिथे सिलिंडर साधारण ८५ टक्के भरतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ५५ लिटर हवा.

४२ मिमी बोअरचं क्षेत्रफळ १३८५ चौ. मिमी. पण पूर्ण उघडल्यावरही ८ मिमीचा शाफ्ट मधे आडवा असतोच, तो ३३६ चौ. मिमी खातो. उरले १०४९. त्यातून हवेचा वेग येतो सेकंदाला ५२-५३ मीटर, आणि त्या वेगाचा गतिज दाब सुमारे १.६ किलोपास्कल. ४६ मिमी केलं तर मोकळी जागा १२९४ चौ. मिमी, वेग ४३ मीटरच्या आत, दाब १.०५ किलोपास्कल.

फरक ०.५५ किलोपास्कल. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाबच ९५ किलोपास्कलच्या आसपास, त्याच्या ०.६ टक्के. ८० अश्वशक्तीवर अर्धी अश्वशक्ती. तीही सगळाच गतिज दाब वाया जातो असं धरून. प्रत्यक्षात बटरफ्लायच्या मागे थोडा परत मिळतो, म्हणून हा आकडा वरच्या अंगाचा समजा.

मूळ कॅमवर ताकदीसाठी हे काम करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटचढण

हिशेब बरोबर असेल, पण बोअर केलेली गाडी चालवली की पिकअपमधला फरक पायाला लगेच कळतो. चालवणारे सगळेच एक सांगतात, त्यांना भास होतो असं म्हणायचं आहे का?

दाबमापी

भास नाही. पायाला जे कळतं ते खरंच आहे, फक्त ते पूर्ण पेडलवरचं नाही.

बटरफ्लाय बंद असताना बोअरला काटकोनात नसते, थोडी तिरकी असते. तो कोन ६ अंश धरला तर ३० अंशांवर सुमारे १३ टक्के जागा उघडते, ४५ वर २९ टक्के, ६० वर ५० टक्के. हे प्रमाण बोअर कितीही असला तरी तेच राहतं. बोअर ४२ चा ४६ केला की एकूण क्षेत्र २० टक्के वाढतं, म्हणजे त्याच पेडलला २० टक्के मोठी फट. शहरात आपण निम्म्या पेडलच्या आत असतो, तिथे ही वीस टक्के ठसठशीत जाणवते. तीच हवा मूळ बॉडीत पेडल आणखी थोडं दाबून मिळते. पेडल तळाला टेकलं की दोन्ही गाड्या जवळपास सारख्या.

ऑटोक्रॉसमध्ये याचा तोटाही आहे. मातीवर मागची चाकं फिरू न देता ताकद मोजून द्यावी लागते, आणि पेडलचा पहिला एक-तृतीयांश भाग जितका तापट तितकं ते अवघड. केबल ओढणाऱ्या चाकाची, म्हणजे थ्रॉटल पुलीची, त्रिज्या वाढवली तर सुरुवातीची ओढ सौम्य होते.

लेथ_आणि_डायल

बोअरला हात लावण्याआधी एक फुकटचं काम करून घ्या. एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्याने एअर होज काढून बटरफ्लाय बघायची, इंजिन बंद ठेवून. जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते, पेडलखाली जाड चटई असते, आणि बटरफ्लाय ७० अंशांवरच थांबलेली सापडते. वरच्या हिशेबाने तिथे फक्त ६५ टक्के जागा उघडी. केबलचं नट फिरवून पूर्ण उघडेल असं करा, पण पेडल सोडल्यावर केबलला ३ ते ५ मिमी ढील राहिलीच पाहिजे. ढील नसेल तर इंजिन हलल्यावर केबल बटरफ्लाय ओढते आणि आयडलिंग वर-खाली होतं.

दुसरं, आतला काळा थर. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसा. काही बॉड्यांना कारखान्यात काळसर सीलिंग लेप दिलेला असतो, तो घाण समजून घासला की बटरफ्लायच्या कडेने हवा गळते आणि आयडलिंग कायमचं चढतं. अशा बॉडीवर बहुधा तसं स्टिकर असतं, वाचून घ्या.

रानवाट_१३

केबल बघतो. पण माझ्या गाडीत थ्रॉटल खरंच आड येतोय की नाही, हे हिशेबाऐवजी गाडीवर मोजून कसं कळेल?

दाबमापी

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळ्यांतला, दाब मोजणारा) आहेच, तो मोजमापाचंच यंत्र आहे. सिग्नलच्या वायरला मल्टिमीटर लावा, किमान-कमाल धरून ठेवणारा असेल तर उत्तम. चावी चालू आणि इंजिन बंद असताना जो व्होल्टेज येतो तो त्या जागेचा हवेचा दाब. मग बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडलवर ६००० पर्यंत न्या आणि तिथला व्होल्टेज घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतची एकूण घट. अशा सेन्सरमध्ये १ किलोपास्कलला साधारण ४० ते ५० मिलिव्होल्ट धरतात. हातपंपाच्या व्हॅक्यूम गेजने आपल्या सेन्सरचा उतार काढलात तर अंदाजावर राहावं लागत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. हवामानाच्या ॲपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुण्यात ॲप १०१० दाखवेल, खरा दाब ९४५-९५० हेक्टोपास्कल. महाबळेश्वरला तर ८६० च्या आसपास. ॲपचा आकडा धरून वजाबाकी केली की नसलेली घट दिसते. नेहमी त्याच जागी, त्याच दिवशी, चावी चालू करून मिळालेला आकडाच धरा.

आता ही एकूण घट वाटून घ्यायची. थ्रॉटलच्या आधीच्या रबरी होजला बारीक छिद्र पाडून नळी जोडा आणि पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा. पाण्याच्या पातळीतला १० सेंटीमीटर फरक म्हणजे १ किलोपास्कल. यूची उंची ६० सेंमी तरी ठेवा. जे मिळेल ते फिल्टर, डबा आणि स्नॉर्केलचं (हवा घेणाऱ्या नळीचं). ते एकूणातून वजा केलं की बाकी थ्रॉटलचं.

ही पाण्याची नळी थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला, मॅनिफोल्डला, कधीही जोडू नका. पेडल सोडलं की तिथे ६०-७० किलोपास्कल ओढ असते, सगळं पाणी इंजिनात जाईल. मोजून झालं की होजचं छिद्र नीट बुजवा. फिल्टरनंतरचं छिद्र म्हणजे मातीच्या ट्रॅकवर धूळ थेट सिलिंडरमध्ये.

थ्रॉटलची घट २ किलोपास्कलच्या आत असेल तर मी तिथे पैसे घालणार नाही. ३ च्या वर असेल तर बोअरचा विचार जरूर करावा.

घाटचढण

आणि कॅम बदलला तर? इंजिन ७५०० पर्यंत फिरवायचं असेल तर हेच उत्तर राहील का?

दाबमापी

नाही, बदलतं. घट वेगाच्या वर्गाने वाढते. ७५०० आरपीएम आणि ९५ टक्के भरण धरलं तर सेकंदाला ७७ लिटर. ४२ वर ३.१ किलोपास्कल, ४६ वर २ च्या थोडं वर. फरक १ किलोपास्कल, म्हणजे साधारण १ टक्का. १०० अश्वशक्तीच्या इंजिनावर एक. म्हणून क्रम असा ठेवा: कॅम, हेड, एक्झॉस्ट, ईसीयू आणि मग थ्रॉटल.

लेथ_आणि_डायल

तरीही करायचंच असेल तर तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा लेथवरच.

सगळ्यात आधी भिंतीची जाडी. बोअरच्या बाजूने आयडल बायपासची (पेडल सोडल्यावर चकतीला वळसा घालून हवा नेणारी) वाट, व्हॅक्यूमची छिद्रं आणि कित्येक बॉड्यांत कूलंटची वाट गेलेली असते. ४ मिमी बोअर वाढला की भिंत दोन्हीकडून २ मिमी कमी होते. शेवटी ३ मिमी भिंत राहणार नसेल तर ४ मिमीचा हट्ट सोडा. कूलंटची वाट उघडी पडली तर पाणी सरळ मॅनिफोल्डमध्ये जातं आणि बॉडी टाकाऊ होते.

बटरफ्लायचे स्क्रू कारखान्यात मागून ठोकून पसरवलेले असतात. ते तसेच पिळले की शाफ्टचे आटे ओरबाडले जातात. आधी पसरलेलं टोक कानसून साफ करा, मग खोला. शाफ्ट, सील, टीपीएस (चकतीचा कोन सांगणारा सेन्सर), आयडल व्हॉल्व्ह सगळं काढून उघडी बॉडीच लेथवर चढवा.

बॉडी चार जॉ चकात मॅनिफोल्डच्या सपाट तोंडावर टेकवून धरायची आणि जुन्या बोअरला डायल लावून ०.०२ मिमीच्या आत सेंटर करायची. नवा बोअर शाफ्टच्या मध्यरेषेवरून सरकला तर बटरफ्लाय एका कडेला घासते, दुसऱ्या कडेला गळते, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. तीन जॉ चकात पकडून बोअर मारतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. शेवटचा काप बारीक घ्या, ०.१ मिमीचा.

नवी बटरफ्लाय गोल नसते. ४६ मिमी बोअर आणि ६ अंश बंद कोन असेल तर तिची लांब बाजू ४६ भागिले कोसाइन ६, म्हणजे ४६.२५ मिमी, आणि शाफ्टच्या दिशेची बाजू ४६. कडाही त्याच कोनात तिरकी हवी. गोल चकती कापून बसवली की एकतर बंदच होत नाही, किंवा बोअरमध्ये रुतून बसते. रुतलेली बटरफ्लाय म्हणजे पाय उचलल्यावरही न उतरणारी रेस, हे ट्रॅकवर जीवावर बेततं.

करायची पद्धत सोपी आहे. गोल रॉड ६ अंशांत तिरका कापायचा, दोन तुकड्यांच्या मधे १.५ मिमी पितळी पत्रा स्क्रूने दाबून धरायचा, आणि सगळं एकत्र लेथवर बोअरच्या मापाला वळायचं. लंबगोल आणि तिरकी कड दोन्ही आपोआप मिळतात. ६ हा उदाहरणाचा आकडा, मूळ चकतीवर तुमचा कोन मोजा. लांब बाजू आणि आडवी बाजू यांच्या गुणोत्तरावरूनही निघतो.

सांधेजोड

वरच्यात एक पर्याय जोडतो, जो ४ मिमी बोअरपेक्षा मला जास्त पटतो. शाफ्ट मधल्या भागात ८ मिमीवरून ५ मिमी जाडीचा चपटा केला तर ४२ च्या बोअरमध्ये मोकळी जागा १०४९ वरून ११७५ होते. बोअर ४४ करून जुना शाफ्ट ठेवला तर ११६८. म्हणजे २ मिमी बोअरिंगचं काम शाफ्टच करतो, बॉडीला आणि मूळ चकतीला धक्का न लावता.

५ मिमीच्या खाली जाऊ नका. मॅनिफोल्डची ओढ शाफ्ट वाकवते आणि स्क्रूला आटे पुरत नाहीत. पितळी शाफ्ट असेल तर स्टीलचा नवा करून घ्या. आणि चपटा करताना स्क्रूचं डोकंही बाहेर राहू देऊ नका, नाहीतर वाचवलेली जागा तेच खातं.

लेथ_आणि_डायल

हे मान्य, आणि मूळ इंजिनावर हेच करावं. माझ्या उत्तरात आधी यायला हवं होतं.

रानवाट_१३

बोअर केल्यास मॅनिफोल्डचं तोंडही वाढवावं लागेल ना? आणि ईसीयूचं राहिलं.

सांधेजोड

हो. ४६ ची बॉडी ४२ च्या तोंडावर बसवली तर २ मिमीची पायरी हवेच्या अंगावर येते आणि मिळवलेलं तिथेच जातं. गॅस्केटला निळी शाई लावून छाप घ्या, आणि तोंडापासून २५-३० मिमी आतपर्यंत हळूहळू निमुळतं करत न्या. मॅनिफोल्ड काढूनच घासा. गाडीवर बसलेल्या मॅनिफोल्डमध्ये ग्राइंडर घातला तर ॲल्युमिनियमचा कीस व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. एअर होजचं आतलं मापही बघा, तो ४२ चाच राहिला तर पुढचं सगळं फुकट.

ईसीयूबद्दल. जी१३बीबी मॅनिफोल्डचा दाब मोजून इंधन ठरवतं, हवेचं वजन मोजणारा सेन्सर त्यात नाही. त्यामुळे पूर्ण पेडलवर मोठ्या बॉडीने दाब थोडा वाढला तर इंधनही तेवढं वाढतं. ईसीयूतलं इंधनाचं कोष्टक न बदलता गाडी चालते. अडचण दोन ठिकाणी येते.

एक, पेडल झटकन दाबताना. हवा आता पूर्वीपेक्षा लवकर आत येते, पण त्या क्षणाचं जादा इंधन कारखान्याच्या हिशेबाचं. १५००-२००० आरपीएमला गाडी क्षणभर गचकते. गचका थोडा असेल तर पुली मोठी केल्यावर जातो, जास्त असेल तर पिगीबॅक (मूळ ईसीयूचे सिग्नल बदलणारा जोड-डबा) किंवा स्वतंत्र ईसीयूशिवाय इलाज नाही.

दोन, आयडलिंग. नव्या चकतीचा परीघ मोठा, कडेची गळती जास्त. स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घ्या, चकती बोअरला टेकली की पुढे घ्या आणि ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पट्टी) जेमतेम सरकेल इथे थांबा. चकती बोअरवर टेकून राहता कामा नये, आणि स्टॉप स्क्रूने रेस लावायची नाही. रेस बायपासच्या स्क्रूने, इंजिन गरम झाल्यावर, एसी आणि दिवे बंद ठेवून. मग टीपीएस: बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणजे जुन्या बॉडीवर मोजून ठेवलेलाच आकडा, आणि उघडताना काटा कुठेही न अडखळता चढला पाहिजे. यासाठी काट्याचा मल्टिमीटरच वापरा, डिजिटलवर मधली तूट दिसत नाही. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीयूची जुनी आठवण पुसून घ्या.

व्हॅक्यूमच्या छिद्रांचंही बघा. काही छिद्रं बंद चकतीच्या कडेच्या किंचित वर असतात, म्हणजे आयडलला ओढ नाही, पेडल दाबल्यावर ओढ. बोअर वाढला की कड आणि छिद्र यांचं अंतर बदलतं. आयडललाच तिथे ओढ दिसू लागली तर कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) वाफ आयडललाच आत येते आणि रेस डोलते.

नवखा_स्विफ्ट

हेच सगळं नव्या, केबल नसलेल्या गाडीला लागू आहे का? बाजारात पेडलला लावायचा डबा मिळतो, त्याने काय होतं?

दाबमापी

डबा फक्त पेडलचा सिग्नल फुगवून पुढे पाठवतो. २० टक्के पेडलला इंजिनाला ३५ वाटतात. पूर्ण पेडलवर काहीच बदल नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा बोअर वाढवू नका. किती अंशांना किती हवा याचं कोष्टक ईसीयूत असतं, आयडलही तीच चकती सांभाळते. मोठा बोअर बसला की अपेक्षेपेक्षा जास्त रेस म्हणून पी०५०७ हा दोषाचा कोड येतो, किंवा गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) जाते. आणि सफाई करतानाही चावी चालू ठेवून चकती बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

घाटचढण

बाइकच्या चार थ्रॉटल बॉड्या बसवल्या तर? पहिल्या पिढीच्या हायाबुसाच्या ४६ मिमीच्या मिळतात.

सांधेजोड

बसतात, पण मॅनिफोल्ड नवा करावा लागतो, कारण बाइकच्या बोअरांमधलं अंतर आणि जी१३ च्या पोर्टांमधलं अंतर जुळत नाही. मोठी गोष्ट ईसीयूची. चार स्वतंत्र चकत्यांमागे मॅपचा सिग्नल थरथरतो आणि थोड्याच पेडलला जवळपास बाहेरच्या दाबाला पोचतो. मूळ ईसीयूला त्यातून इंधन काढताच येत नाही. चकतीचा कोन आणि आरपीएम यांवर चालणारा स्वतंत्र ईसीयू लागतो. शिवाय जी१३ जेवढी फिरते तेवढ्या आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमागे ४६ मिमी म्हणजे फारच मोठं.

कागदपत्र

रस्त्यावर चालणार असेल तर दोन गोष्टी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत, आणि कलम १८२अ(४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसरं पीयूसी. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेले हायड्रोकार्बन) २०० पीपीएम, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ आणि ७५०. चकतीची गळती आणि डोलणारी रेस असेल तर मिसफायर होऊन आधी एचसी वर जातो. स्पर्धेसाठी असेल तर आपल्या गटाचे नियम वाचा, मूळ इंजिनाच्या गटांत थ्रॉटलला हात लावणं बहुधा बादच करतं.

रानवाट_१३

ठरलं. आधी केबल, मग पाण्याची नळी लावून मोजमाप, आणि घट जास्त निघाली तरच चपटा शाफ्ट. शेवटचं एक: शाफ्टवर चकती परत बसवताना स्क्रू कशाने पक्के करायचे?

लेथ_आणि_डायल

नवे स्क्रू, जुने वापरू नका. आटे ॲसिटोनने धुवून कोरडे करा. स्क्रू अर्धवट लावा, चकती दोनचार वेळा झटक्याने बंद करा म्हणजे ती आपली जागा घेते, बोअर उजेडाकडे धरून सगळीकडे सारखीच बारीक रेघ दिसते का पाहा, मग आवळा. लाल थ्रेडलॉकर, आणि मागून निघालेलं टोक पंचाने पसरवा. पंच मारताना शाफ्टखाली पितळी ठोकळा द्या, नाहीतर शाफ्ट वाकतो. दोन्हीपैकी एकावर भागवू नका. हा स्क्रू सुटला तर जायला एकच वाट आहे, इनटेक व्हॉल्व्हमधून पिस्टनवर.

थ्रेडलॉकर २४ तास सुकू द्या. पहिल्या ट्रॅकच्या दिवसानंतर होज काढून दोन्ही डोकी तपासा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांवर इंजिन चालू असताना कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर बुश किंवा सील गळतंय, तिथून धूळही जाणार.